बॅटरीचे झाकण बंद झाल्यावर

मोटरसायकलच्या बॅटरीपासून दोन तारा काढून सीटच्या कडेला एक लहानसे सॉकेट बसवायचे आणि त्यात आगपेटीएवढा व्होल्टमीटर खोचायचा, अशी सोय आज थोडक्या पैशांत होते. खोचल्याबरोबर त्यावर तीन आकडे उमटतात : कधी १२.६, कधी १३.९, कधी ११.८. नववी-दहावीचा चौकस विद्यार्थी हे पाहून दोन प्रश्न हमखास विचारतो. बॅटरीवर १२ व्होल्ट छापलेले असताना इथे १२.६ कसे? आणि ११.८ म्हणजे १२ च्या इतक्या जवळ असूनही मेस्त्री ‘बॅटरी उतरली’ असे का म्हणतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला जवळजवळ सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

२० मार्च १८०० रोजी अलेसांद्रो व्होल्टा याने इटलीतील कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या विद्युतघटांच्या चळतीची माहिती कळवली. चळत किती ‘जोरदार’ आहे हे ठरवायला त्याच्याजवळ बोटांना बसणारा झटका, जिभेला जाणवणारी आंबट चव आणि नाजूक विद्युतदर्शी एवढीच साधने होती. ज्याच्या नावाने आपण विभवांतर मोजतो, त्याला स्वतःला ‘व्होल्ट’ हे एकक ठाऊक नव्हते. ते आंतरराष्ट्रीय एकक म्हणून १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत मान्य झाले.

मधल्या काळात एक मूलभूत अडचण लक्षात आली होती. घटाचे विभवांतर मोजण्यासाठी मापक जोडला की घटातून धारा वाहू लागते, आणि धारा वाहू लागली की घटाच्या अंतर्गत रोधामुळे विभवांतर कमी होते. म्हणजे मोजायला गेलो की मोजायची गोष्टच बदलते! जर्मन शास्त्रज्ञ पॉगेनडॉर्फ याने १८४१ मध्ये यावर तोड काढली. ज्ञात विभवांतर उलट दिशेने जोडून ते असे जुळवायचे, की घटातून मुळीच धारा वाहणार नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजने टाकण्यासारखीच ही रीत. पुढे १८९३ मध्ये एडवर्ड वेस्टन याने सुमारे १.०१८६ व्होल्टचा अतिशय स्थिर प्रमाण-घट तयार केला, आणि १९११ पासून तो प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय ‘वजन’ ठरला. आजच्या खोचायच्या मापकातही हेच तत्त्व आहे. आत सुमारे १.२ व्होल्टचा स्थिर संदर्भ देणारे अर्धवाहक मंडल असते. बॅटरीचे विभवांतर मोठ्या रोधांनी विभागून त्याच्याशी ताडून पाहिले जाते आणि उत्तर आकड्यांत दाखवले जाते. आकडे दाखवणारा पहिला व्होल्टमीटर अँड्र्यू के या अमेरिकन अभियंत्याने १९५० च्या दशकात बनवला. तो मात्र टेबलावर ठेवायचे धूड होते.

आता बॅटरीकडे वळू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट मिळवला. आत नेमके काय घडते ते मात्र १८८२ च्या सुमारास ग्लॅडस्टोन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी सांगितले. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, त्यासाठी आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. या बॅटरीत आम्ल हे नुसते माध्यम नसून तेही खर्च होणारा माल आहे; म्हणून बॅटरी उतरते तसे आतले द्रावण पातळ होत जाते.

गॅरेजमधल्या हायड्रोमीटरचा जन्म या गोष्टीतून झाला. रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत थोडे आम्ल ओढायचे आणि आतला तरंगक किती बुडतो ते पाहायचे. विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १.२० असेल तर अर्धीमुर्धी, १.१२ च्या जवळ असेल तर रिकामी. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना दुधाच्या लॅक्टोमीटरबरोबर हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

मोटरसायकलवर बसल्या बसल्या मात्र हायड्रोमीटर वापरता येत नाही. सुरुवातीच्या मोटरसायकलींना त्याची फारशी गरजही नव्हती, कारण ठिणगी मॅग्नेटोतून मिळे आणि दिवा ॲसिटिलीनचा असे. १९१४ मध्ये ‘इंडियन’ या (नाव काहीही असले तरी अमेरिकेतील) कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ ही बटणाने सुरू होणारी गाडी काढली. तिच्यावर ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. त्यांना चार्ज टिकवता आला नाही आणि गाडी लवकरच मागे घ्यावी लागली. मोटर चांगली असून उपयोग नसतो, तिला प्यायला देणारी बॅटरी हवी, हा धडा पुढे कित्येक वर्षे पुरला.

बॅटरी गाडीवर स्थिरावली तेव्हा तिच्याबरोबर आला तो अँमीटर. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवर हेडलाइटच्या आवरणात स्पीडोमीटरजवळ बसवलेला छोटा अँमीटर अनेकांनी पाहिला असेल. मध्यभागी शून्य, एका बाजूस अधिक, दुसऱ्या बाजूस उणे. काटा अधिककडे झुकला म्हणजे बॅटरीत धारा जात आहे, उणेकडे झुकला म्हणजे बाहेर पडत आहे. आम्हाला हे उपकरण फार आवडते, कारण ते धारेची दिशा डोळ्यांना दाखवते. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. बॅटरी पूर्ण भरली तरी काटा शून्याजवळ, आणि चार्जिंगची तार तुटलेली असताना दिवे बंद असले तरीही तो शून्यावरच! अँमीटर ‘आत्ता काय वाहते आहे’ ते सांगतो, ‘किती शिल्लक आहे’ हे सांगत नाही.

मग १९७० च्या दशकात अमेरिकेतील गेट्स कंपनीत डेव्हिट आणि मॅक्लेलंड यांनी काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून धरणारी बंदिस्त बॅटरी विकसित केली. आम्ल सांडणे थांबले, डिस्टिल्ड वॉटर घालण्याची कटकट गेली. अशा बॅटऱ्या पुढे दुचाकींवर सर्रास आल्या. सोय उत्तम झाली, पण झाकण बंद झाले आणि हायड्रोमीटर बाहेरच राहिला. आतली खबर देणारी फक्त दोन टोके उरली.

सुदैवाने ही दोन टोके बरेच काही सांगतात. स्वस्थ असलेल्या शिसे-आम्ल घटाचे विभवांतर म्हणजे स्थूलमानाने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. १.२८ असेल तर एका घटाचे २.१२ आणि एकसर जोडलेल्या सहा घटांचे १२.७२ व्होल्ट. १.२० असेल तर १२.२४. आणि १.१२ असेल तर ११.७६! आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इथे आहे. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत उणापुरा एक व्होल्टचा फरक असतो. ‘१२ व्होल्ट’ हे नुसते नाव आहे, आणि त्या नावापाशी पोचलेली बॅटरी जवळजवळ रिती असते. जाड काट्याच्या मापकावर हा फरक नजरेतून सुटे. दशांश आकडा दाखवणारा मापक त्यासाठीच कामाचा.

पण आकडा केव्हा वाचला यावर सारे अवलंबून आहे. गाडी नुकतीच थांबवली असेल तर पट्ट्यांजवळचे आम्ल तात्पुरते तीव्र असते आणि आकडा फुगलेला दिसतो. रात्रभर उभ्या गाडीचे सकाळचे वाचन खरे मानावे. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेव्हाही आकडा साडेबाराच्या खालीच राहिला तर दोष चार्जिंगच्या मंडलात असतो आणि नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला असतो व तो बॅटरीचा बळी घेतो.

सर्वांत बोलके वाचन सेल्फचे बटण दाबताना मिळते. समजा, सेल्फ ४० अँपिअर धारा ओढतो आणि आकडा १२.६ वरून १०.८ वर येतो. ओहमच्या नियमाने अंतर्गत रोध १.८ भागिले ४०, म्हणजे ०.०४५ ओहम. जुन्या, पट्ट्यांवर सल्फेट साचलेल्या बॅटरीचा आकडा विश्रांतीत १२.५ असूनही बटण दाबताच ७-८ वर कोसळतो. विभवांतर चांगले, पण रोध वाढलेला. वर्गात हे दाखवायला गाडी लागत नाही : टॉर्चचा जुना सेल मल्टिमीटरला जोडावा, मग त्याच वेळी छोटा बल्बही जोडून आकडा किती घसरतो ते पाहावे.

हे सारे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत पेटलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली, बहुतेक मोटरसायकलींवर इंधन इंजेक्शन आले, आणि अनेक गाड्यांवर किक राहिलीच नाही. इंधनाचा पंपही बॅटरीवरच चालतो. तेव्हा आडरस्त्यावर बॅटरी उतरली की ढकलूनही गाडी सुरू होईल याची खात्री नसते.

मापक बसवताना बॅटरीच्या अधिक टोकालगत फ्यूज घालायलाच हवा. तार घासून कुठे चौकटीला टेकली तर बॅटरीची सारी धारा तिच्यातून धावते. शिवाय पॉगेनडॉर्फची अडचण इथेही पूर्ण सुटलेली नाही. चमकते आकडे समजा १० मिलिअँपिअर घेतात. मापक चोवीस तास खोचलेला ठेवला तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास गेले. ४ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी जेमतेम सतरा दिवसांत रिकामी. दिवाळीच्या सुट्टीत गाडी शेडमध्ये ठेवून गावी जाणाऱ्या शिक्षकाने तो काढून खिशात टाकावा आणि परतल्यावर, किल्ली फिरवण्याआधी, पुन्हा खोचून पाहावा.