पाण्यातले प्रतिबिंब आणि पडद्यावरचे

देवळाच्या तळीकाठी बसून दीपस्तंभाचे प्रतिबिंब न्याहाळले नाही, असा आमचा वाचक विरळाच. तीच शोभा संगणकाच्या पडद्यावरील बोधचिन्हांना आणण्याची चाल एकेकाळी जगभर पसरली व पुढे ओसरली. तिचा इतिहास अल्पच, परंतु बोधप्रद आहे.

थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंचे फोटोशॉप १९९० साली अडोबी कंपनीने बाजारात आणले. आरंभी एका चित्रावर दुसरे चिकटविले की दोन्ही एकजीव होत. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ आले आणि चित्राचे थर वेगळे राहू लागले. मग बोधचिन्हाची प्रत घ्यावी, ती उलटी करून मूळ चिन्हाच्या पायथ्याशी जोडावी आणि ग्रेडियंटने खाली खाली विरवत न्यावी, एवढेच काम उरले. ॲपलने २००६ मध्ये आयट्यून्समधील मुखपृष्ठांखाली व २००७ मध्ये मॅकच्या डॉकमधील चिन्हांखाली अशीच प्रतिबिंबे पाडली. पुढे २०१२ च्या विंडोज ८ ने व २०१३ च्या आयओएस ७ ने सपाट चिन्हे पत्करली, आणि ही झळाळी मावळली.

प्रतिबिंब विरवण्याची ही रीत केवळ लहर नव्हे. सरळ वरून पाहिल्यास पाणी शेकडा सुमारे दोन भागच प्रकाश परतविते. तिरकस दृष्टीला तेच आरशासारखे होते. स्तंभाच्या माथ्याचे प्रतिबिंब आपल्या पायांकडे पडते; तेथे दृष्टी अधिक उभी होते, म्हणून ते फिके दिसते.

तथापि एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. सपाट अक्षर उलटविले की ते खरे प्रतिबिंब ठरते. देवळाच्या छायाचित्राचे तसे नव्हे. पाण्यात देऊळ खालून पाहिल्यासारखे उमटते. वळचणीची आतली बाजू, सज्जाचा तळ त्यात दिसतो. उलटविलेल्या छायाचित्रात हे कोठून येणार? जत्रेच्या पत्रिकेसाठी आम्हीही एकदा असेच छायाचित्र उलटविले होते. तळीवर जन्म घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहताच मान हलविली. कारण त्यांना सांगता आले नाही. चूक मात्र त्यांनी ओळखली होती.

पत्रिका सजविणाऱ्या तरुणांनी संगणकापुढे बसण्यापूर्वी घटकाभर तळीकाठी बसावे, एवढीच आमची विनंती.