कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल

विज्ञान आणि भूगोल यांना कलेचे रूप देण्याचे प्रयत्न आजच्या मांडणशिल्पांत वारंवार दिसतात. मराठी भाषेत असा एक प्रयत्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तंजावर येथे झाला. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी गेय नाटक जगाच्या भूगोलावर आधारलेले आहे.

कुरवंजी हा मूळचा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार आहे. विरहिणी नायिकेचे भविष्य सांगण्यासाठी डोंगरात राहणाऱ्या कुरवर जमातीची स्त्री येते आणि आपल्या मुलखाचे, पाहिलेल्या प्रदेशांचे वर्णन करते, असा त्याचा साचा असतो. सरफोजींनी हा साचा कायम ठेवून आशय मात्र बदलला. त्यांच्या नाटकातील भविष्य सांगणारी स्त्री इंद्राणीला पृथ्वीवरील खंडे, देश, पर्वत आणि नद्या यांची माहिती देते. देवलोकाच्या राणीला मर्त्यलोकाचा भूगोल समजावून देणारी ही भटकी स्त्री या नाटकाचा गाभा होय.

सरफोजींना पाश्चात्त्य विद्यांचा परिचय बालपणीच झाला होता. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे पालक व मार्गदर्शक होते. पुढे सरफोजींनी तंजावरमध्ये देवनागरी छापखाना सुरू केला, नव्या विद्यांच्या शिक्षणाची सोय केली आणि सरस्वती महाल ग्रंथालयात विविध भाषांतील ग्रंथांची मोठी भर घातली.

नाटकामागची राजकीय परिस्थिती मात्र वेगळी होती. १७९९ च्या तहानुसार राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांचा अधिकार तंजावरचा किल्ला व लगतच्या परिसरापुरता उरला. सत्ता अशी आक्रसलेली असताना त्यांच्या नाटकाने मात्र सारी पृथ्वी कवेत घेतली. १८५५ मध्ये ब्रिटिशांनी हे संस्थानही खालसा केले.

अलीकडच्या काळात अशाच विषयाचा विस्तृत आविष्कार कोची येथे झाला. मुंबईचे कलावंत जितीश कल्लाट यांनी २०१४-१५ च्या कोची-मुझिरिस बिएनालेची आखणी करताना केरळमधील मध्ययुगीन गणित-खगोल परंपरा आणि सागरी सफरी यांचा आधार घेतला होता.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. 'देवेंद्र कुरवंजी' या ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केले असल्याने, राज्य लयाला गेल्यानंतरही हे नाटक मराठी वाचकांसाठी उपलब्ध राहिले.