सातबाऱ्याचे रकाने आणि दिवाळे : महसुली तक्त्यातून ज्ञानप्रतिमानाकडे

रकाना आखतानाच काय नोंदवावयाचे आणि काय वगळावयाचे, याचा निर्णय झालेला असतो. संगणकीय तक्त्यांवरून ज्ञानाचे सुसूत्र प्रतिमान उभारताना, म्हणजे वस्तू, त्यांचे गुणधर्म आणि परस्परसंबंध निश्चित करताना, हा जुना निर्णय पुन्हा तपासावा लागतो. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील महसुली तक्त्यांचा या दृष्टीने विचार केला असून, नवी मुंबईतील बेलापूरनजीकचे दिवाळे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव त्यासाठी समोर ठेवले आहे.

मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात घडविली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित रूप दिले. शेत हा तिचा घटक, सर्व्हे नंबर ही त्याची ओळख. १९०३ च्या अधिकार अभिलेख कायद्याने त्यात हक्कांची भर पडली. आजचा सातबारा म्हणजे अधिकार अभिलेखाचा गाव नमुना सात आणि पिकांच्या नोंदवहीचा गाव नमुना बारा यांचा संयोग होय. खाते क्रमांकाने तो नमुना आठ-अ शी, तर फेरफार क्रमांकाने नमुना सहाशी जोडलेला असतो. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी संबंधाधारित तक्त्यांचे प्रतिमान मांडले. तलाठ्याच्या दप्तरात असे दुवे त्यापूर्वीच नांदत होते. त्याच वर्षी १७ मार्चला सिडको स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग.

खरी अडचण 'इतर अधिकार' या रकान्यात आहे. कुळाचे नाव, पतसंस्थेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेची वहिवाट, हस्तांतरणावरील निर्बंध असे भिन्न जातींचे संबंध तेथे एकाच चौकटीत दाटीने बसतात. वाचणारा मनुष्य ते संदर्भाने उलगडतो; यंत्रास मात्र तो केवळ मजकूर. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तरी स्वाक्षरीने नोंद प्रमाणित होते, तिचा अर्थ विभागला जात नाही. प्रत्येक नोंदीस 'कोणाचा, कशावर, कोणत्या फेरफाराने, कधीपर्यंत' असे चार दुवे दिल्याशिवाय येथे प्रतिमान उभे राहणार नाही, असे माझे मत आहे.

दिवाळ्यासारख्या गावी प्रश्न याहून मूलगामी आहे. गावठाणातील घरास सर्वसाधारणपणे सातबारा नसतो, कारण त्यावर शेतसारा नव्हता. खाडी तर पाहणीबाहेरच राहिली. डोल जाळे रोवण्याच्या जागा कोळी समाजात परंपरेने ठरत आल्या. त्या ठाऊक सर्वांना, पण त्यांस सर्व्हे नंबर नाही. नवी मुंबईसाठी भूसंपादन झाले आणि १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना मंजूर झाली, तेव्हा परताव्याचे गणित संपादित जमिनीच्या क्षेत्रावर बसविण्यात आले. जाळ्याच्या जागेचे क्षेत्र कोणत्या रकान्यातून काढावयाचे? विद्यमान तक्ते कितीही काटेकोर जोडले तरी हे उत्तर त्यांतून निघत नाही. त्यासाठी 'जागा' हा स्वतंत्र घटक मानून जाळे, हंगाम, भरती-ओहोटी आणि वहिवाटदार कुटुंब यांच्याशी त्याचे संबंध प्रथम गावातील जाणत्यांकडून नोंदवून घ्यावे लागतील, आणि ते जाणते हयात आहेत तोवरच.