रिटर्न टू ऑझ

अमेरिकन बालसाहित्यिक एल. फ्रँक बाउम (१८५६–१९१९) यांच्या ऑझ-मालिकेतील पुस्तकांवर आधारलेला इंग्रजी अद्भुतपट. निर्मितीसंस्था वॉल्ट डिस्ने पिक्चर्स. निर्माता पॉल मॅसलान्स्की. दिग्दर्शक वॉल्टर मर्च. पटकथा मर्च व गिल डेनिस. संगीत डेव्हिड शायर. प्रमुख भूमिका फेरुझा बॉक, निकोल विल्यमसन, जीन मार्श व पायपर लॉरी यांच्या. २१ जून १९८५ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. एमजीएमच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या लोकप्रिय संगीतपटाचा पुढचा भाग म्हणून तो ओळखला जातो. मात्र त्याची नाळ त्या चित्रपटापेक्षा बाउम यांच्या पुस्तकांशी अधिक जुळते. १९८५ मध्ये त्याच्यावर झालेली टीका आणि पुढे त्याला लाभलेला लौकिक, दोन्हींच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पार्श्वभूमी : बाउम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हे पुस्तक १९०० मध्ये निघाले. वादळाबरोबर कॅन्ससमधून उडून ऑझ या अद्भुत देशात जाऊन पडलेल्या डोरोथी या मुलीची ही कथा इतकी खपली, की बाउम यांना ऑझवर एकूण चौदा पुस्तके लिहावी लागली. १९३९ च्या चित्रपटात जूडी गार्लंडने डोरोथी रंगवली. पुस्तकातील चांदीचे जोडे टेक्निकलर पडद्यावर उठून दिसावेत म्हणून माणकांचे झाले आणि पुस्तकात खराखुरा असलेला ऑझ देश चित्रपटात बेशुद्ध मुलीचे स्वप्न ठरला. १९५६ पासून दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागल्याने हा चित्रपट अमेरिकेत घरोघरी पोचला. ऑझ म्हणजे गाणी, झगमगते रंग आणि गोड शेवट हे समीकरण त्यातूनच रुजले.

डिस्नेने १९५४ मध्ये बाउम यांच्या नंतरच्या ऑझ-पुस्तकांचे चित्रपटहक्क विकत घेतले होते. ‘द रेनबो रोड टू ऑझ’ या नियोजित चित्रपटातील काही भाग १९५७ मध्ये संस्थेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दाखवलाही गेला. पण तो चित्रपट झाला नाही. १९८० च्या सुमारास डिस्नेशी नव्या कल्पनांबाबत बोलणी चालू असताना मर्च यांनी ऑझचे नाव काढले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवलेले मर्च ध्वनिसंयोजक व संकलक म्हणून नावाजलेले होते. दिग्दर्शन त्यांनी तोवर केलेले नव्हते.

पटकथेसाठी ‘द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ’ (१९०४) आणि ‘ओझमा ऑफ ऑझ’ (१९०७) ही दोन पुस्तके एकत्र करण्यात आली. त्यांपैकी पहिल्या पुस्तकात डोरोथी मुळी नाहीच. त्याचा नायक टिप हा मुलगा. चित्रपटात टिप गळला आणि मोंबी ही चेटकीण व डोकी बदलणारी राजकन्या लँगविडेअर या दोन स्वतंत्र पात्रांची एकच मोंबी झाली. सुरुवातीचा दवाखान्याचा भाग मात्र पूर्णपणे पटकथाकारांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या ग्रामीण अमेरिकेतील रोगराई, वेड व दैन्य जुन्या छायाचित्रांतून आणि वृत्तपत्रांतील कात्रणांतून मांडणाऱ्या मायकेल लेसी यांच्या ‘विस्कॉन्सिन डेथ ट्रिप’ (१९७३) या पुस्तकाचा त्यावर प्रभाव आहे.

कथानक : वादळाला सहा महिने उलटले आहेत. घर अजून अर्धवट उभे आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि डोरोथीला रात्र रात्र झोप येत नाही. ती ऑझच्या गोष्टी सांगत राहते. मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला असे समजून एम काकू तिला डॉ. वर्ली यांच्याकडे विजेच्या उपचारांसाठी नेते. डॉक्टर यंत्र दाखवतात, त्याच्या तबकड्यांत डोळे, नाक, तोंड कसे दिसते ते तिला कौतुकाने समजावतात. रात्री तळघरातून रुग्णांच्या किंकाळ्या ऐकू येतात. उपचार सुरू होण्याच्या क्षणीच वादळामुळे वीज जाते. एका अनोळखी मुलीच्या मदतीने डोरोथी पळते, नदीत पडते आणि वाहत आलेल्या खुराड्यात जीव वाचवून ऑझच्या सीमेवर जागी होते. सोबतीला तिची बिलिना ही कोंबडी असते, आणि ती आता बोलू लागलेली असते.

ऑझ उद्ध्वस्त झालेला आहे. पिवळ्या विटांचा रस्ता उखडला आहे, पाचूनगरीतील माणसे दगड झाली आहेत आणि नाचणाऱ्या स्त्रियांच्या पुतळ्यांची डोकीच नाहीत. हातापायांच्या जागी चाके असलेले, किंचाळत फिरणारे व्हीलर्स भग्न नगरीत धुमाकूळ घालतात. किल्ली दिली की चालणारा टिकटॉक हा तांब्याचा शिपाई, भोपळ्याच्या डोक्याचा जॅक, आणि सोफे, ताडाची पाने व शिकारीचे मुंडके एकत्र बांधून तयार केलेला उडता गम्प असे सोबती डोरोथीला मिळतात. पाचू मुळात आपल्या डोंगरातले, म्हणून ते परत घेतले, असा हा विध्वंस करणाऱ्या, खडकात वास करणाऱ्या नोमांच्या राजाचा दावा आहे. त्याने ऑझच्या लोकांना शोभेच्या वस्तू करून दालनात मांडून ठेवले आहे. त्यांना सोडवायचे तर वस्तूला हात लावून ‘ऑझ’ म्हणायचे; तीन वेळा चुकले की शोधणाराही वस्तू होतो. एकेक सोबती हरत जातो तसतसा दगडी राजा माणसासारखा होत जातो. शेवटी जॅकच्या पोकळ डोक्यात बिलिनाने घातलेले अंडे राजाच्या पोटात जाते; नोमांना अंडे विषासमान असल्याने त्याचा अंत होतो. डोरोथी माणकांच्या जोड्यांच्या बळावर सर्वांना सोडवते आणि ऑझची खरी राणी ओझमा हिला आरशातून मुक्त करून घरी परतते.

दवाखान्यातील माणसे व वस्तू ऑझमध्ये रूप पालटून भेटतात. विल्यमसन यांनी डॉक्टर व नोम राजा, तर जीन मार्श यांनी परिचारिका विल्सन व मोंबी या दुहेरी भूमिका केल्या आहेत. रुग्णाला नेणाऱ्या चाकांच्या खाटेची कुरकुर व्हीलर्सच्या आवाजाची आठवण करून देते. त्यामुळे ऑझ खरा की मनाचा खेळ, हा प्रश्न चित्रपट उघडा ठेवतो.

निर्मिती : चित्रीकरण १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये झाले. कॅन्ससचे माळरान सॉल्झबरी प्लेन येथे आणि ऑझ एल्स्ट्री स्टुडिओत उभारण्यात आले. डोरोथीसाठी निवडलेली फेरुझा बॉक त्यावेळी नऊ वर्षांची होती. भूमिकेच्या वेळी सोळा वर्षांच्या असलेल्या गार्लंडपेक्षा ती पुस्तकातील डोरोथीच्या अधिक जवळची. काम वेळापत्रकाच्या मागे पडल्याने मर्च यांना मध्येच काढून टाकण्यात आले. जॉर्ज ल्यूकस यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकल्यावर ते परतले. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी काम सोडल्यावर डेव्हिड वॉटकिन आले. ‘आउट ऑफ आफ्रिका’साठी ऑस्कर मिळवणारे ते हेच. माणकांचे जोडे ही एमजीएमच्या चित्रपटाची कल्पना असल्याने त्यांच्या वापरासाठी डिस्नेला पैसे मोजावे लागले. पुस्तकात या जोड्यांऐवजी नोम राजाकडे जादूचा पट्टा आहे.

पात्रांचे रूप जॉन आर. नील यांच्या मूळ चित्रांबरहुकूम घडवले गेले. टिकटॉकच्या गोल पोटात मायकेल संडिन हा कसरतपटू कमरेत वाकून, डोके पायांमध्ये घालून उलटा चाले आणि आतल्या छोट्या पडद्यावर पुढचा रस्ता पाही. खडकातून उमटणारे नोमांचे चेहरे विल व्हिन्टन यांच्या चमूने क्लेमेशनने, म्हणजे मातीच्या आकृत्या चौकटीगणिक थोड्या थोड्या हलवून, सजीव केले. राजा जसा माणसाळत जातो तशी ही माती मागे पडते आणि विल्यमसन यांचा चेहरा पुढे येतो.

सर्वाधिक लक्षात राहणारा प्रसंग मोंबीच्या महालातील आहे. काचेच्या कपाटांत तिची डोकी ओळीने ठेवलेली असतात आणि लहर फिरली की ती डोके बदलते. निजलेल्या धडाच्या मनगटावरची किल्ली काढून डोरोथी एकतिसावे कपाट उघडते. त्यात मोंबीचे मूळ डोके आणि निर्जीवात प्राण फुंकणारी भुकटी असते. धक्का लागताच ते डोके जागे होते, सगळी डोकी एकदम किंचाळू लागतात आणि शिर नसलेले धड बिछान्यातून उठून चाचपडत येते. इथे रक्ताचा थेंबही दिसत नाही. भीती रचनेतून आणि आवाजातून निर्माण होते. मर्च यांचे मूळ कसब इथे कामी आले आहे.

स्वीकार व प्रभाव : चित्रपटावर सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाला; अमेरिकेतील उत्पन्न सुमारे १ कोटी ११ लाख डॉलरच भरले. ज्या अधिकाऱ्यांनी चित्रपटाला हिरवा कंदील दाखवला होता, ते प्रदर्शनापूर्वीच पायउतार झाले होते. १९८४ मध्ये मायकेल आयझनर यांच्याकडे डिस्नेची सूत्रे आली होती. समीक्षकांचा मुख्य आक्षेप असा, की हा चित्रपट मुलांसाठी फार उदास व भयावह आहे. आक्षेप निराधार नव्हता. विजेच्या उपचारांच्या खोलीत बांधलेली लहान मुलगी हे दृश्य गाण्यांच्या अपेक्षेने आलेल्या कुटुंबांना पचणे अवघडच होते. मात्र बाउम यांच्या पुस्तकांतही शिरच्छेद, कायापालट आणि वाळवंटात माती होणे यांची वाण नाही. १९३९ च्या संगीतपटाने ती बाजू झाकली, मर्च यांनी ती उघड केली. दृश्यपरिणामांसाठी चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक ‘कोकून’ला गेले.

पुढे व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणीवर तो पाहत मोठ्या झालेल्या पिढीने त्याला निष्ठावंत प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. पुस्तकांचे चाहते त्याला बाउम यांच्या वृत्तीशी सर्वांत इमान राखणाऱ्या रूपांतरांत गणतात. भीती हा बालकथेचा जुनाच घटक आहे, असे मानणारे अभ्यासक त्याचा दाखला देतात. डिस्नेने ‘ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल’ (२०१३) या चित्रपटातून पुन्हा ऑझ गाठला. त्यात मात्र झगमगाट आणि विनोद यांनाच पसंती मिळाली. मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’साठी (१९९६) संकलन व ध्वनी अशी दोन ऑस्कर पटकावली, पण ‘रिटर्न टू ऑझ’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव कथापट ठरला.