बोर्डाच्या शाळेचे मतदार

महाराष्ट्रातील जुनी पिढी गावच्या प्राथमिक शाळेला 'बोर्डाची शाळा' आणि तेथील शिक्षकाला 'बोर्डाचे मास्तर' म्हणत असे. या बोलीतल्या 'बोर्डा'त दोन निरनिराळ्या संस्था एकवटलेल्या होत्या: रस्ते, विहिरी, दवाखाने आणि शाळा असा सारा स्थानिक कारभार पाहणारे लोकल बोर्ड ही एक, आणि 1923 नंतर केवळ प्राथमिक शाळांसाठी तिच्याच पोटी जन्मलेले स्कूल बोर्ड, ज्याला पुढे 'शिक्षण मंडळ' हे नाव रूढ झाले, ही दुसरी. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात या मंडळांवर माणसे निवडून जात, त्यांच्यातून सभापती निवडला जाई, आणि तरीही या निवडणुकांचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की शाळेत मूल पाठवणारा पालक त्यांत मतदार म्हणून फारसा कोठे भेटत नाही.

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 मध्ये झाला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा या दराने वसूल होणारी पट्टी; तिचा दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांना आणि एक तृतीयांश भाग शिक्षणाला जाई. निफाड, दिंडोरी किंवा सिन्नरच्या कुणब्याने भरलेल्या आण्यातून शाळा चालू लागल्या, पण त्या आण्याचा विनियोग ठरवणाऱ्या कमिट्या सरकारनियुक्त होत्या आणि कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली चालत. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 मध्ये लोकल बोर्डांचा आणि जिल्हा म्युनिसिपालट्यांचा असे दोन कायदे झाले आणि निवडणुकीचे तत्त्व आले. परंतु मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि प्रतिष्ठा यांच्याशी बांधलेला राहिल्यामुळे मतदारयादीत सावकार, वकील, इनामदार आणि मोठे खातेदार यांचीच गर्दी असे.

याच सुमारास शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे, 19 ऑक्टोबर 1882 रोजी, जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील एक मागणी या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी सर्वपरिचित आहे. त्या मानाने कमी उद्धृत होणारी मागणी अशी की मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, पण त्या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी. लोकशाहीविरोधी म्हणून या भूमिकेकडे पाहणे चुकीचे ठरेल. नगरपालिकेत कोण बसतात हे फुले यांनी जवळून पाहिले होते (1876 पासून काही वर्षे ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य होते), आणि ज्या सभागृहात शूद्रातिशूद्रांचा आवाज नाही त्या सभागृहाकडे त्यांच्या मुलांच्या शाळा सोपवणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढील साठ वर्षांत सरकारनेही, वेगळ्या कारणांनी का होईना, याच निष्कर्षाकडे पावले टाकली.

1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी द्विदल राज्यपद्धती आणली, म्हणजे प्रांतिक कारभाराची काही खाती लोकप्रतिनिधी मंत्र्यांकडे सोपवली, आणि शिक्षण हे त्यांपैकी एक होते. मुंबई इलाख्यात हे खाते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे असताना 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. तत्पूर्वी 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने म्युनिसिपालट्यांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा दिली होती. 1923 च्या कायद्याने त्यापुढे जाऊन प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्वाधीन केल्या आणि त्या चालवण्यासाठी स्कूल बोर्ड नेमण्याची व्यवस्था केली. या बोर्डाचे सदस्य लोक निवडत नसत. जिल्हा लोकल बोर्डाचे किंवा नगरपालिकेचे सदस्य त्यांना निवडत. शिक्षणाचे मत अशा रीतीने एक पायरी वर सरकले आणि तेथेच राहिले.

'स्कूल बोर्ड' हे नाव इंग्लंडमधून आले होते, पण नावामागचे मत मात्र समुद्र ओलांडून आले नाही. इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने स्थापन झालेली स्कूल बोर्डे करदाते थेट मतदानाने निवडत, आणि पार्लमेंटचे मत नसलेल्या स्त्रियाही त्यांवर निवडून येत; लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट मेरिलबोन विभागात सर्वाधिक मतांनी विजयी झाल्या. ती बोर्डे 1902 मध्ये बरखास्त झाली. मुंबई सरकारने हे नाव घेतले ते त्यानंतर एकवीस वर्षांनी, म्हणजे मूळ मालकाने टाकून दिलेला अंगरखा अस्तर काढून इकडे शिवला गेला असेच म्हणावे लागते.

सदस्यांनी सदस्य निवडण्याच्या या पद्धतीचा परिणाम ठरलेलाच होता. जिल्हा लोकल बोर्डाकडे देण्यासारखे फारसे काही नसे. स्कूल बोर्डाकडे मात्र शेकडो शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या होत्या. खेड्यात लिहिता-वाचता येणारा, अर्ज लिहून देणारा, पत्र वाचून दाखवणारा माणूस म्हणजे मास्तर, आणि तो मास्तर कोणत्या गावी राहील हे ज्याच्या हाती, त्याला निवडणुकीत त्या मास्तरचा उपयोग कसा होईल हे वेगळे सांगायला नको. 1929 च्या हार्टॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळतीवर, म्हणजे चौथीपर्यंत पोहोचण्याआधीच शाळा सोडणाऱ्या मुलांच्या प्रमाणावर, आणि एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडण्यावर बोट ठेवले, तेव्हा स्थानिक संस्थांकडे झालेले अधिकारांचे घाईचे हस्तांतरणही तिच्या टीकेतून सुटले नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने 1938 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्कूल बोर्डाचा प्रशासनाधिकारी, म्हणजे शाळांचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा मुख्य अधिकारी, सरकारी नोकर केला, आणि 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने सरकारचा हा हात अधिक बळकट केला. निवडून आलेला सभापती आणि सरकारने पाठवलेला प्रशासनाधिकारी ही जोडी तेव्हापासून शिक्षण मंडळाच्या कार्यालयात समोरासमोर बसली.

ग्रामीण भागात ही व्यवस्था 1962 मध्ये संपली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, जिल्हा स्कूल बोर्ड गेले आणि त्याची जागा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली. शहरात शिक्षण मंडळ टिकले. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची गावे मिळून 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक महानगरपालिका झाली, पण तिची पहिली निवडणूक 1992 मध्ये झाली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील आणि सिडकोच्या घरांतील कामगार कुटुंबांमुळे ज्या काळात उपनगरांतील प्राथमिक शाळांची गरज झपाट्याने वाढत होती, नेमक्या त्याच दशकात मंडळ निवडून देणारे नगरसेवक अस्तित्वात नव्हते. पुढे मंडळावर नगरसेवकांनी निवडलेले सदस्य आले, आणि 2013 मध्ये 1947 चा अधिनियम निरसित झाल्यावर राज्यातील शिक्षण मंडळे गुंडाळली गेली.

शिक्षणसंस्थेसाठी मतपेटीपुढे रांग लावण्याची हौस नाशिक जिल्ह्याने भागवली ती दुसरीकडे. 1914 मध्ये उदोजी मराठा बोर्डिंग या वसतिगृहातून उभी राहिलेली नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे आदींनी वाढवली; सत्यशोधकी विचारांच्या या मंडळींना जिल्हा 'कर्मवीर' म्हणतो. तिचे सभासद दहा हजारांच्या आसपास असून अध्यक्ष, सभापती, सरचिटणीस, चिटणीस, प्रत्येक तालुक्याचा संचालक आणि कर्मचाऱ्यांमधून येणारे सेवक संचालक अशी कार्यकारिणी ते पाच वर्षांसाठी थेट मतदानाने निवडतात. पॅनल उभी राहतात, गावोगाव मेळावे होतात, आमदार-खासदार उघडपणे बाजू घेतात. 28 ऑगस्ट 2022 च्या निवडणुकीत ॲडव्होकेट नितीन ठाकरे यांच्या परिवर्तन पॅनलने तत्कालीन सरचिटणीस नीलिमा पवार यांच्या पॅनलचा पराभव केला, तेव्हा तो निकाल जिल्ह्यात एखाद्या विधानसभेच्या निकालाइतक्या उत्सुकतेने ऐकला गेला. सरकारी अनुदानाविना महाविद्यालये काढू देणाऱ्या 1983 च्या विनाअनुदान धोरणानंतर व्यावसायिक महाविद्यालये आली, 1990 मध्ये या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि सरचिटणीसपदाचे वजन त्या प्रमाणात वाढत गेले. ही निवडणूक निकोप आहे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण नगरसेवकांनी बंद सभागृहात निवडलेल्या शिक्षण मंडळापेक्षा ती अधिक खरी होती, हे मान्य करावे लागते. अर्थात तिचा मतदार हा सभासद असतो. संस्थेच्या शाळेत मूल असणे ही मताची अट नाही आणि पात्रताही नाही.

पालक मतदार म्हणून कायद्यात प्रथम ठळकपणे अवतरला तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्याच्या 21व्या कलमानुसार प्रत्येक सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. महाराष्ट्रात या समितीचे पालक सदस्य पालकसभेत निवडले जातात आणि अध्यक्ष पालकांमधूनच होतो. शिक्षक नेमण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार तिला नाही.