मंद आचेचे भांडे आणि श्रमाचा हिशेब



इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तह आणि तख्ते आठवतात. मी आज आपणांपुढे एका भांड्याचा इतिहास ठेवणार आहे. विजेवर चालणारे, आतून भाजलेल्या मातीचे, झाकण लावून सकाळी ठेवले तर संध्याकाळपर्यंत मटण मंद आचेवर शिजवणारे हे भांडे. त्याला स्लो कुकर म्हणतात. कामगार चळवळीतल्या माणसाने स्वयंपाकघरात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. कामाच्या तासांचा प्रश्न जिथे आहे तिथे आम्हांला शिरावेच लागते, आणि चुलीपुढचे तास तर कोणत्याच हजेरीपटावर मांडलेले नसतात.

आधी मांस शिजते कसे ते पाहू. जनावराचा जो स्नायू जास्त राबतो तो जास्त चिवट होतो. पाय, नळी, मान, खांदा हे सारे राबणारे भाग. त्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन भरपूर असते. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे ते पाण्याच्या संगतीने हळूहळू विरघळून जिलेटिन बनते. रश्शाला दाटपणा आणि मांसाला मऊपणा येतो तो त्यामुळे. मात्र हे काम तासन्तास चालते. मोठ्या जाळावर घाई केली तर रस्सा आटतो, तंतू आवळतात आणि चिवटपणा तसाच राहतो. असे तुकडे बहुतेक बाजारांत स्वस्त मिळतात. म्हणजे गरिबाचे पैशात जे वाचते, ते त्याला सरपणात आणि वेळात भरावे लागते.

या अडचणीवर माणसाने दोन तोडगे काढले. एक दाबाचा. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच विद्वानाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडेसुद्धा मऊ करणारे भांडे मांडले. आपल्या घरचा प्रेशर कुकर त्याचाच वंशज. दुसरा तोडगा सबुरीचा: धग कोंडायची आणि भांडे सोडून द्यायचे. दिल्ली-लखनौकडची निहारी अशीच रात्रभर शिजते आणि सकाळी खाल्ली जाते.

या दुसऱ्या तोडग्याचा धागा एका सुट्टीशी जोडलेला आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विसावा, म्हणजे शब्बाथ. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही. हा नियम आपल्याला अगदीच परका नाही. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली हे नाव पडले.

पण विसाव्याच्या दिवशीही पोटाला ऊन अन्न हवेच. तेव्हा पूर्व युरोपातल्या यहुदी बायका शुक्रवारी मांस, घेवड्याचे दाणे, बार्ली आणि बटाटे एका जाड भांड्यात भरीत. अनेक गावांत ही भांडी पाववाल्याच्या भट्टीवर जात. पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी धग उरे, तिच्यावर रात्रभर ती शिजत राहत आणि शनिवारी प्रार्थना झाल्यावर घरोघर नेली जात. या पदार्थाचे नाव चोलेंट.

लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरच्या भट्टीवर चोलेंटची भांडी कशी जात, ही हकिगत एका आईने अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलाला सांगितली. मुलाचे नाव आयर्विंग नॅक्सन. त्याचा जन्म 1902 चा. पुढे तो शिकागोत यंत्रे शोधून काढू लागला. आईच्या गोष्टीतली भट्टी त्याने विजेच्या तारेत आणली: भांड्याच्या भोवतीने मंद, सारखी उष्णता देणारी योजना केली. 1936 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1940 साली ते मिळाले. पुढे त्याचे भांडे घेवडा शिजवण्याचे यंत्र म्हणून विकले जाई.

अशा खटपटी इतरत्रही चालू होत्या. 1910 साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर केला. तळाशी कोळशाचे निखारे, वर डब्यांची चळत. भात, वरण आणि मांस एकाच धगीवर आपोआप शिजे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये इंधनाची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या गृहिणी उकळी आलेले भांडे वाळल्या गवताच्या पेटीत कोंडून ठेवीत.

नॅक्सनच्या यंत्राचे भाग्य उघडले ते फार उशिरा. 1970 साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि 1971 साली तेच यंत्र नवे रूप देऊन 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. त्या वर्षी विक्री झाली सुमारे 20 लाख डॉलरची. 1975 साली ती 9 कोटी 30 लाखांवर गेली. यंत्र तर तीस वर्षांपूर्वीचे. मग बदलले काय? बदलला होता बायकांचा दिवस. 1970 साली अमेरिकेत शंभर प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे 43 अर्थार्जनाच्या कामात किंवा अशा कामाच्या शोधात होत्या. 1980 साली 51. कंपनीने नेमके हेच हेरले. मंद आचेवर मटणाला आठ तास लागतात, आणि पाळीही आठच तासांची असते!

आता हिशेब मांडू. या भांड्याने बाईचे काय वाचवले? विस्तवाची राखण. जाळ सारणे, ढवळणे, करपेल म्हणून जिवाला घोर लावून बसणे, हे संपले. ही कमाई लहान नाही. पण सकाळी मांस धुणे, कांदा चिरणे, रात्री ते जड भांडे घासणे हे जिच्या वाट्याला होते तिच्याच वाट्याला राहिले. अक्कलही तिचीच खर्ची पडते: गोठलेले मांस तसेच भांड्यात घालायचे नाही, कारण 4 ते 60 अंशांच्या दरम्यान ते रेंगाळले तर जंतू माजतात, राजमा असेल तर तो आधी दहा मिनिटे खळखळा उकळलाच पाहिजे, नाहीतर विषबाधा होते. यंत्राने राखण उचलली, राबणे जागच्या जागी ठेवले. शब्बाथचेही तेच होते. शनिवारच्या विसाव्याचे मोल शुक्रवारी कोणीतरी दुप्पट राबून भरीत होते.

आपल्या घरातही डोकावून पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या चळवळीला तिचा सार्थ अभिमान आहे. पण रविवार हा आपल्याकडे मटणाचा वार. भोंगा वाजला नाही म्हणून जो दिवस पुरुषाला मोकळा झाला, तोच घरच्या बाईला चुलीपुढे सर्वांत लांब झाला. आणि ती स्वतः गिरणीत जाणारी असेल, तर तिला सुट्टी मिळालीच नाही.

म्हणून नवे यंत्र घरात आले की त्याची किंमत विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारा: यातून वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा झाला? ते उत्तर भांड्यात सापडणार नाही. ते घरातल्या माणसांनी कामाची वाटणी करूनच द्यायचे आहे. कारखान्यातले आठ तास मालकांनी आपण होऊन दिले नाहीत, ते संघटित होऊन मिळवावे लागले. घरात संप करण्याची पाळी येऊ नये. तेवढा शहाणपणा आपण पुरुषांनी, निदान येत्या रविवारपासून, कांदा चिरून दाखवावा, एवढीच माझी विनंती आहे.