‘केन्’ची कुळकथा

शब्दांचे इतिहास वाचण्याचा मला जुना नाद आहे. राजांच्या बखरीत ज्यांना जागा नाही, अशी माणसे तेथे भेटतात. स्कॉटलंडातील ‘केन्’ हे रोजच्या बोलण्यातले क्रियापदच पाहा ना. त्याचा अर्थ ‘जाणणे, ओळखणे’. आपले ‘जाणणे’ संस्कृत ‘ज्ञा’पासून आले, ‘केन्’ही त्याच मूळ घराण्यातले. दूरचे भावंडच म्हणायचे!

गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मुख्य अर्थ होता ‘कळविणे, जाहीर करणे’. ‘ओळखणे’ हा अर्थ त्याला बहुधा नॉर्स भाषेच्या शेजाराने जडला. जुन्या स्कॉट्स भाषेत दोन्ही अर्थ एकत्र नांदले. जाणणे म्हणजे ‘केन्’, आणि शिकविणे, वाट दाखविणे म्हणजेही ‘केन्’.

दाखवून देण्याचा हा अर्थ पुढे कायद्यात शिरला. नवऱ्यामागे विधवेला त्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचे उत्पन्न हयातभर मिळे. तो हिस्सा आखून देणे म्हणजे तिला ‘केन्’ करणे. मोजणी सूर्याच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून करायची, की सावलीच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, हे शेरीफ चिठ्ठी टाकून ठरवी. मग पहिले दोन एकर वारसाला, तिसरा विधवेला. पुन्हा दोन, पुन्हा एक.

१९६४ च्या वारसा कायद्याने ही रीत संपविली आणि हयात जोडीदाराला नवे हक्क दिले. घरातले ‘केन्’ मात्र अजून बोलले जाते. आपला वाटा आहे, हे त्या विधवेला ठाऊक असेच. पण चूल पेटायला तो कोणीतरी बांधावर उभे राहून दाखवावा लागे. एकाच क्रियापदात हे दोन्ही अर्थ राहिले, यात मला मोठे शहाणपण दिसते.